पहिला संच आणि पहिला कान

आजचा विषय ऐकून काही वडीलधारी मंडळी म्हणतील, हा तर पोरासोरांचा विषय. कॉलेजात शिकविणाऱ्या माणसाने यात कशाला पडावे? विशीतला एखादा मुलगा किंवा मुलगी स्वतः गाणे लिहिते, स्वतःच त्याला चाल लावते, आणि जवळ एक गिटार नाहीतर एक पेटी घेऊन स्वतःच ते गाते. मागे वाद्यवृंद नाही, विजेवर चालणारी वाद्ये नाहीत. अशी आठ-दहा गाणी जमली, की त्यांचा एक संच करून तो लोकांपुढे ठेवायचा. हा त्याचा पहिला अल्बम. तो ऐकणारे आपण काय करतो, कसे ऐकतो आणि त्याचे त्या पोरावर काय होते, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे. विषय लहान वाटला, तरी तो लहान नाही.

प्रथम ‘अल्बम’ या शब्दाचीच गंमत पाहा. फोटो चिकटवायच्या वहीला आपण अल्बम म्हणतो. मग गाण्यांना तो शब्द कुठून आला? जुन्या काळी मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या असत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचे गाणे मावे. एका गायकाच्या चार-सहा तबकड्या एकत्र विकायच्या, तर कागदी खिसे असलेल्या जाडजूड पुठ्ठ्याच्या वहीत त्या घालून देत. ती वही फोटोंच्या वहीसारखीच दिसे, म्हणून अल्बम. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने लांब वाजणारी तबकडी काढली. तिच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावू लागली, आणि वहीभर गाणी एकाच तबकडीवर आली. वही गेली, नाव राहिले. पुढे कॅसेट आली, सीडी आली आणि आता तर हाताला लागणारी वस्तूच उरली नाही. तरीसुद्धा पोर म्हणते, “सर, माझा अल्बम आला.”

आता आपले गाणे आपणच रचून आपणच गायचे, ही काय नवी गोष्ट आहे? आपल्या खानदेशात तरी नाही. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून गाणी म्हणतात, ती कोणत्या कवीने छापून दिली होती? कानबाईच्या रात्री बाया गातात, वहीगायनाचे फड डफावर रात्र जागवितात. जात्यावर बसलेली बाई तर रचनाकार, संगीतकार आणि गायिका, तिन्ही एकटीच होती. वाद्य म्हणाल तर जात्याची घरघर. फरक इतकाच, की तिच्या गाण्यावर तिचे नाव लागत नसे आणि ऐकायला समोर बसलेली दुसरी बाई तेवढी असे.

शिकलेल्या समाजात हे गाणे वाजतगाजत आले ते १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळामुळे. यशवंत, गिरीश, माधव ज्युलियन ही कवी मंडळी आपल्या कविता केवळ छापून थांबली नाहीत. यशवंत आणि गिरीश तर सभासंमेलनांतून आपल्या कविता स्वतः गाऊन दाखवीत. कवितेला कान मिळाले ते अशा रीतीने. लोकांनी डोक्यावर घेतले हे खरे. पण हसणारेही तितकेच निघाले. १९२५ साली आचार्य अत्रे यांनी ‘झेंडूची फुले’ काढली आणि त्या काळच्या कवींच्या लकबींची अशी यथेच्छ थट्टा केली, की मूळ कविता विसरलेल्या लोकांनाही विडंबन पाठ राहिले. मला या प्रकारात एक चांगली गोष्ट दिसते. अत्र्यांनी थट्टा केली, पण ती आधी नीट ऐकून, वाचून आणि वृत्तासकट पचवून केली. ज्याला विडंबन साधते त्याने मूळ रचना मन लावून ऐकलेली असते. आजच्या थट्टेबद्दल असे म्हणता येईल का, ते पुढे पाहू.

यानंतर कविता तबकडीवर गेली. ना. घ. देशपांडे हे विदर्भातील मेहकरचे कवी. त्यांची ‘शीळ’ ही कविता गो. ना. जोशी नावाच्या वकिली शिकलेल्या तरुणाने १९३०च्या दशकाच्या सुरुवातीस गायिली, ती तबकडीवर आली आणि मराठी भावगीताची वाट तेथून रुंद झाली, असे जाणकार मानतात. गजानन वाटवे यांनी पुढे पेटीवर बसून एकट्याने चौकाचौकांतून भावगीते गायिली. हे सारे लोक साधी साथ घेऊन गात. शब्द आधी, सूर त्याच्या जोडीला. पण कवी एक, गाणारा दुसरा, अशी विभागणी बहुतेक ठिकाणी राहिली. ती आपल्याकडे इतकी अंगवळणी पडली, की गाणे कोणाचे असे विचारले तर आपण गायकाचे नाव सांगतो, आणि कवीचे नाव विचारले तर डोके खाजवतो. शिक्षक मंडळींनी वर्गात विचारून पाहावे.

ही विभागणी आपल्या काळात ज्यांनी मोडली त्यांत संदीप खरे यांचे नाव घ्यावे लागेल. हे १९७३ साली जन्मलेले, पुण्याचे, पेशाच्या शिक्षणाने तंत्रज्ञ. कविता स्वतःच्या, पुष्कळ चाली स्वतःच्या, आवाजही स्वतःचा. ‘दिवस असे की’ हा त्यांच्या सुरुवातीच्या संचांपैकी एक. २००३ साली संगीतकार सलील कुलकर्णी यांच्याबरोबर त्यांनी ‘आयुष्यावर बोलू काही’ हा कार्यक्रम सुरू केला. रंगमंचावर दोघेच पुढे, थोडी साथ, आणि दोन गाण्यांच्या मध्ये कविता नि गप्पा. कागदावर ही योजना मांडली असती तर कोणताही शहाणा माणूस म्हणाला असता, की कविता ऐकायला तिकीट कोण काढणार? पण लोकांनी तिकिटे काढली. एक हजारांहून अधिक प्रयोग झाले, परदेशांतील मराठी कुटुंबांनीही ते करविले. शिकणारी, नोकरीच्या पहिल्या वर्षांतली मुले-मुली त्या कवितांच्या वह्या करू लागली. मराठी कविता म्हणजे परीक्षेत रसग्रहण करायची वस्तू, असा ज्यांचा समज होता, त्यांना तिच्यात आपला पाऊस, आपली नोकरी, आपला कंटाळा सापडला.

त्यांच्या पुढच्या गाण्यांतले दमलेल्या बापाचे गाणे आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. सलील कुलकर्णींनी ते गायिले आहे. ते ऐकताना भरल्या सभागृहात मोठमोठे बाप्ये रुमाल काढतात. यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, गाणे म्हणजे असे पाहिजे. दुसरा म्हणतो, रडविणे सोपे असते हो, त्यात कला कोणती? मला विचाराल तर मी थोडासा दुसऱ्या पक्षात आहे. त्यांची काही गाणी माझ्या जिभेला जरा जास्त गोड लागतात. पण एक गोष्ट मी मानतो. आपल्या शेतकरी घरांत बापाने मुलीविषयी माया बोलून दाखवायची रीत नव्हती. कापूस मोजून आलेला, दिवसभर उन्हात राबलेला बाप घरी येतो आणि लेक झोपलेली असते. तो तिच्या डोक्यावरून हात फिरवतो, ते कोणी पाहात नाही. शहरातल्या नोकरदार बापावर रचलेले गाणे दोंडाईच्याच्या मिरचीच्या खळ्यावर राबणाऱ्या बापालाही लागते, याचे कारण रडविण्याची युक्ती एवढेच असते, तर ते दुसऱ्यांदा ऐकताना लागले नसते.

आता जरा दूर जाऊ. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातला एक मुलगा १९६१ च्या जानेवारीत, ऐन थंडीत, न्यूयॉर्क शहरात आला. वय वर्षे १९. नाव बॉब डिलन. वुडी गथ्री नावाचा एक लोकगायक रुग्णालयात पडून होता. त्याला भेटावे, हा एक हेतू. छोट्या खाणावळींतून आणि कॉफीच्या दुकानांतून तो गिटार आणि गळ्यात अडकवलेला तोंडाचा बाजा घेऊन गाई. आवाज असा, की आपल्याकडच्या परीक्षकाने त्याला पहिल्याच फेरीत घरी पाठविला असता. सप्टेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ मध्ये रॉबर्ट शेल्टन या समीक्षकाने त्याच्याविषयी चांगले लिहिले. कोलंबिया कंपनीचे जॉन हॅमंड यांनी त्याला करारबद्ध केले. नोव्हेंबर १९६१ मध्ये दोन दिवसांत ध्वनिमुद्रण उरकले. खर्च जेमतेम ४०० डॉलर. ‘प’ म्हणताना मायक्रोफोनवर फुंकर बसे, ‘स’ म्हणताना शीळ घातल्यासारखे होई, आणि गाता गाता स्वारी मायक्रोफोनपासून दूर जाई, अशी हॅमंड यांची तक्रार होती.

१९ मार्च १९६२ रोजी हा पहिला अल्बम निघाला. त्यात १३ गाणी. त्यांतली स्वतः लिहिलेली किती, तर फक्त दोन! बाकीची जुनी लोकगीते आणि इतरांची गाणी. पहिल्या वर्षात सुमारे ५,००० प्रती खपल्या. एवढ्या मोठ्या देशात ही संख्या म्हणजे काहीच नव्हे. कंपनीतले लोक या पोराला हॅमंडचा वेडेपणा म्हणू लागले. कंपनीने त्याला काढून टाकावे अशी भाषा निघाली. हॅमंड आडवे उभे राहिले. पुढच्याच वर्षी, मे १९६३ मध्ये, दुसरा अल्बम आला. त्यातल्या १३ पैकी ११ गाणी त्याने स्वतः लिहिलेली होती, आणि मग काय झाले ते जगाला ठाऊक आहे. २०१६ साली त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. गाणी लिहिणाऱ्याला साहित्याचे पारितोषिक का, म्हणून तेव्हाही वाद झालाच. रविकिरण मंडळाच्या पुण्यात जो वाद शोभला असता तोच स्टॉकहोममध्ये झाला.

ही गोष्ट मी अशासाठी सांगितली, की पहिला संच अर्धाकच्चा असतो. त्यात पोर कोणाचे ऐकून वाढले ते जास्त दिसते आणि त्याचे स्वतःचे कमी दिसते. तेरांत दोन! पण ती दोन कोणती हे ऐकणाऱ्याला ओळखता आले पाहिजे. शेल्टनने ओळखले, हॅमंडने ओळखले. पाच हजार लोकांनी तबकडी विकत घेतली तीही एका अर्थी फार झाली. तबकडी विकत घेतलेला माणूस, पैसे वसूल व्हावेत म्हणून का होईना, ती पुन्हा पुन्हा लावतो.

आजचा ऐकणारा काय करतो? मोबाइलवर अंगठ्याने गाणे सरकवतो. स्पॉटिफायसारखी जी गाण्याची दुकाने आहेत, त्यांच्या हिशेबात गाणे ३० सेकंद वाजले की ते एकदा ऐकले असे धरतात. मग गाणे करणारा काय करील? तो आरंभीचे वाद्यवादन कापतो, ध्रुवपद आधी आणून ठेवतो, तिसाव्या सेकंदापर्यंत आपल्याला धरून ठेवायची खटपट करतो. ७८ च्या तबकडीने गाण्याला तीन मिनिटांत बसविले होते, तिचा दोष नव्हता. जागाच तेवढी होती. येथे जागा अमाप आहे आणि कमी पडला आहे तो आपला धीर. हा बदल लहान नव्हे. एकट्या गिटारीवर हळू आवाजात गायलेले गाणे पहिल्या तीस सेकंदांत काहीच देत नाही. ते मिरचीसारखे जिभेवर ठेवल्याबरोबर झोंबत नाही.

याच रेडिओवर १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर ‘गीतरामायण’ झाले. पुणे केंद्रावरून, आठवड्याला एक नवे गीत, एकूण ५६. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचे संगीत. लोक आठवडाभर वाट पाहात, घरात पाहुण्यांसारखे शेजारी जमत, आणि गाणे सुरू झाले की कागद-पेन्सिल घेऊन शब्द उतरवून घेत. राहून गेलेली ओळ दुसऱ्याच्या कागदावरून भरून काढीत. त्यांची गोष्ट सर्वस्वी वेगळी, ते काही नवशिके नव्हते. मला येथे सांगायचे आहे ते कागद-पेन्सिलीचे. शब्द हाताने लिहिला की तो कानात नीट उतरतो. आपल्या वर्गातली किती मुले आवडत्या गाण्याचे शब्द लिहून घेतात? शिक्षक मंडळींनी शनिवारच्या शेवटच्या तासाला हा प्रयोग अवश्य करावा. एक गाणे तीनदा वाजवायचे. मुलांनी उतरवून घ्यायचे. कोणाला कोणता शब्द कसा ऐकू आला यावरून जी भांडणे होतील त्यांतच मराठीचा तास होऊन जाईल.

माझ्या वर्गात तापीकाठच्या एका गावाहून येणारा एक विद्यार्थी होता. मधल्या सुटीत दाराशी उभा राहिला आणि अहिराणीत म्हणाला, “सर, मनं गानं आयकशात का?” त्याने सात गाणी केली होती. चार मराठीत, तीन अहिराणीत. गिटार भावाच्या मित्राची. आवाज घुमू नये म्हणून घरातल्या कापसाच्या ढिगाशेजारी बसून, पहाटे ट्रॅक्टर सुरू व्हायच्या आत, त्याने ती मोबाइलवर मुद्रित केली होती. कापूस आवाज शोषून घेतो हे त्याला कोणी शिकविले नव्हते. मराठीतली चार गाणी मी ऐकली. ती नीटनेटकी होती, पण कुठेतरी ऐकल्यासारखी. अहिराणीतली तीन मात्र त्याची होती. एका गाण्यात सुरतेला कामाला गेलेल्या मोठ्या भावाला बहीण विचारते, की तिकडच्या नळाच्या पाण्याला चव कशी आहे. दुसरे काही विचारीत नाही. मी ते पुन्हा लावायला सांगितले.

त्याला मिळालेले अभिप्राय ऐका. वडील म्हणाले, यातून काय मिळते? मित्रांनी विचारले, किती जणांनी पाहिले? आणि एका शिकलेल्या गृहस्थांनी सल्ला दिला, की मराठीतली चार ठेव, अहिराणीतली काढून टाक; ती गावंढळ वाटतात. श्रोते हो, वडिलांचा प्रश्न मला समजतो. ज्याला कर्जाचा हप्ता भरायचा आहे त्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि गाण्यातून पोट भरेल असे खोटे आश्वासन मी त्यांना देणार नाही. भरतेच असे नाही. मित्रांचाही राग येत नाही, आकडा समोर दिसतो म्हणून ते आकडा विचारतात. राग येतो तो त्या तिसऱ्या सल्ल्याचा. कारण तो सल्ला देणाऱ्याने गाणी पूर्ण ऐकली होती, आणि ऐकून नेमकी तेरांतली दोनच काढून टाकायला सांगितली.

शिवाय अहिराणीला ऐकणारा नाही, हे आता कोणी म्हणू नये. आपल्याकडच्या लग्नाच्या वरातीत जी अहिराणी गाणी वाजतात, त्यांतली काही मोबाइलवरून महाराष्ट्रभर गेली, ज्यांना एक शब्द कळत नाही तेही त्यांवर नाचले. नाचायला अहिराणी चालते. मग बसून ऐकायला का चालू नये? अडचण बोलीची नाही. हळू आवाजातल्या अहिराणीची सवय आपल्या कानाला शिकलेल्या जगात कोणी लावली नाही, इतकेच.

सवय नसताना ऐकणारा एखादा निघाला तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यांत घडले आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी, जन्म १८८०. लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, घरात, जात्यावर गाणी सुचत आणि त्या म्हणत. मुलगा सोपानदेव स्वतः नावाजलेला कवी. त्याने आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती वेळोवेळी कागदावर उतरवून घेतली. १९५१ साली बहिणाबाई वारल्या. मागाहून सोपानदेवांनी ती वही भीतभीत आचार्य अत्र्यांना दाखविली. होय, तेच ‘झेंडूची फुले’वाले अत्रे. अर्ध्या महाराष्ट्रातल्या कवींची ज्यांनी टर उडविली, त्या माणसाने ही बोली ऐकली आणि तो हरखून गेला. पुस्तक छापलेच पाहिजे म्हणून त्यांनी आग्रह धरला, प्रस्तावना लिहिली, आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ निघाले. पहिला संच, आणि गाणारी ऐकायला नाही.

पुढे १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात सुमन कल्याणपूर यांनी वसंत पवार यांच्या चालीवर त्यांचे गाणे गायिले आणि ते घराघरांत गेले. इतर संगीतकारांनीही चाली दिल्या, आणि चांगल्या दिल्या. आज जळगावचे विद्यापीठ त्यांच्या नावाने आहे. पण आपण पुस्तकाचे नाव पाहा: ‘गाणी’. कविता नव्हेत, गाणी. आणि जी चाल त्या स्वतः म्हणत, जात्याच्या कोणत्या फेऱ्याला कोणता शब्द पडे, कुठे त्या थांबत, ते त्या वहीत उतरू शकले नाही. पेन्सिलीने शब्द धरता येतो, सूर धरता येत नाही.

आता प्रत्येकाच्या खिशात सूर धरणारे यंत्र आहे. आखाजीला तुमच्या गल्लीत झोका बांधला जाईल, तेव्हा गाणाऱ्या आजीची आणि पोरींची परवानगी घ्यावी, मोबाइल हातभर अंतरावर, वारा लागणार नाही असा ठेवावा, मध्ये कोणी बोलू नये, आणि शेवटी गाणारीचे नाव, गाव आणि तारीख त्यावरच बोलून ठेवावी. गाणे तिने स्वतः रचलेले असेल तर तेही तिच्याच तोंडून सांगवावे. आणि एखादे पोर गिटार घेऊन दाराशी आले, तर त्याला आत बसवावे, पंखा बंद करावा. पंख्याचा आवाज मुद्रणात फार येतो.